सूतभर सैल

वार्षिक परीक्षा संपली की आमच्या शाळेत दुपारी कुणी मोठ्याने बोलत नाही. वर्ग रिकामे, फळे पुसलेले, आणि स्टाफरूममध्ये पेपरांचे गठ्ठे सोडून बसलेल्या आम्ही सात-आठ जणी आणि दोन सर. यंदाही तशीच बसले होते. नववीचं गणित, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि बाहेर माधवनगरचं डोळ्यांत खुपणारं ऊन. तीनच्या सुमाराला उजेड एकदम मंदावला. वारा सुटला, मैदानातली धूळ दारातून आत आली, आणि सायकल स्टँडच्या पत्र्यावर टणकन काहीतरी आदळलं. मग आणखी एक. मग सगळा पत्राच वाजायला लागला.

"गारा! गारा!" करत आमच्या चित्रकलेच्या बाई पोरीसारख्या बाहेर धावल्या. त्यांच्यामागे बाकीचे. निवृत्तीला टेकलेली माणसं पदर नि रुमाल पसरून गारा वेचत होती. मी मात्र जागची हलले नाही. लाल पेन हातात तसंच राहिलं. नाकाला जवसाच्या तेलाचा वास यायला लागला होता आणि उजव्या अंगठ्याचं पेर चुरचुरत होतं. तिथे काही नव्हतं, जखम कधीच भरलीय. पण गेल्या वर्षीच्या वळवाने माझ्या हातांना जे काम लावलं, ते हात अजून विसरायला तयार नाहीत.

माझं माहेर पाटणचं. सांगलीत मला कुणी माहेर विचारलं आणि मी पाटण म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग धक्के बसतात का हो?" बसतात. भांड्यांच्या मांडणीतला एखादा पेला किणकिणतो, खाट पायाशी कुणीतरी ओढल्यासारखी सरकते, कुत्री भुंकतात, संपलं. लहानपणी आम्ही त्यासाठी ताटावरून उठायचोसुद्धा नाही. आई फक्त आमटीचं पातेलं धरायची.

अशा गावात माझ्या वडिलांनी, आबांनी, काचेच्या खिडक्यांचं घर बांधलं. आबा फौजेत गाड्यांचे मिस्त्री होते. पेन्शन घेऊन आले आणि डोंगराच्या अंगाला तीन खोल्या काढल्या. तेव्हा गावात खिडकी म्हणजे हातभर भोक, त्याला गज आणि फळ्यांची झडप. आबांनी कमरेपासून डोक्याच्या वर जाणाऱ्या खिडक्या ठेवल्या. सागवानी चौकट, दोन झडपा, एकेका झडपेत तीन-तीन काचेची तावदानं. गज नाहीतच. "तुरुंग हाय का ह्यो?" म्हणाले. भावकीने 'काचंचं घर' असं नाव पाडलं, त्यात कौतुक थोडं आणि टिंगल जास्त. कुणी समजावायला आलं की आबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "सतरा वरसं बराकीत झोपलोय मी. थंडीत खिडक्यांना पत्रं ठोकल्यालं असायचं. भाईर बरफ हाय का ऊन हाय, कळायचं न्हाई. आता पडल्या पडल्या डोंगर दिसला पायजे."

त्यावर आई म्हणायची, "व्हय, तुमी डोंगर बघा आन् मी काचा पुसते." तिने त्या खरंच जन्मभर पुसल्या. ओला वर्तमानपत्राचा कागद, मग कोरडा कागद, मग पदराचं टोक. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून काचा आबा पुसतात, आणि त्यांना त्या तिच्यासारख्या स्वच्छ होत नाहीत हे ते कबूल करतात. दुसऱ्या कुठल्याच बाबतीत त्यांनी असं काही कबूल केल्याचं मला आठवत नाही.

आता जे सांगायचं ते मला सांगायला आवडत नाही. त्याच्या आधीच्या दिवाळीला आबांनी मला खिडकीपाशी नेलं होतं. एक काच कोपऱ्यातून चिरलेली, दुसरीची लांबी सुटलेली. लांबी म्हणजे काच धरून ठेवायला कडेने भरतात तो मसाला. बोटाने टोकरली तर खपली निघत होती. "सुमे, काचंवाल्याला सांगून जातीस का जरा?" आबा म्हणाले. मी म्हटलं, "आबा, आता कुणी करतं का हे? उन्हाळ्यात सगळं ॲल्युमिनियमचं बसवून टाकू, सरकत्या काचा, कटकट नाही." माझ्या सांगलीच्या घरी तशाच खिडक्या आहेत. वारा आला तरी वाजत नाहीत, पाऊस आला तरी वाजत नाहीत, त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. आबांनी "बरं" म्हटलं. मी गाडीत बसले आणि खिडकी विसरून गेले.

चैत्र संपताना वळीव आला. पाटणात लिंबाएवढ्या गारा पडल्या. आबांच्या खोलीतल्या खिडकीची चार तावदानं फुटली, उरलेल्या दोनांना चिरा गेल्या. गारांचा मार थांबला, पण पाऊस आत यायला लागला, म्हणून ऐंशीला आलेला हा माणूस पुठ्ठा घेऊन स्टुलावर चढला. फरशीवर गारा वितळून पाणी झालं होतं. स्टूल सरकलं आणि खुब्याचं हाड मोडलं.

कऱ्हाडजवळच्या मलकापूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. हाडात सळी बसली. दुसऱ्याच दिवशी छातीत कफ धरला. माझा धाकटा भाऊ संजू पुण्याहून आला होता. दवाखान्याच्या जिन्यात आम्ही दोघं उभे होतो, आणि त्याने न चिडता, ठरवून आल्यासारखं सांगितलं, "ताई, घराला कुलूप घालू. मी नेतो त्यांना. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दिवसा माणूस ठेवू."

"त्यांना विचारलंस?"

"काय विचारायचं? त्या खिडक्यांपायी पडलेत ते. आणि डॉक्टर काय म्हणाले, वारा लागू द्यायचा नाही. पुठ्ठे लावलेल्या खोलीत नेऊन झोपवणार आहेस?"

तो खोटं काहीच बोलत नव्हता. मला त्याचा राग आला तो त्यामुळेच. आत वॉर्डात आबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत. जवळ गेले तर म्हणाले, "संज्याला सांग, मी माज्या घरी जाणार. न्हाईतर हितंच बरा हाय." एवढं बोलून तोंड भिंतीकडे केलं. त्या वॉर्डाला खिडकी होती, पण तिला दुधी काच होती. दिवस आहे एवढंच तिच्यातून कळायचं.

मी परत जिन्यात आले आणि संजूला विचारलं, "घरी कधी सोडणार?"

"आठ-नऊ दिवस तरी."

"तोवर मी ती खोली राहण्याजोगी केली तर?"

तो हसला. लहानपणी मी त्याला पावकी-निमकी पाठ करायला बसवायचे तेव्हा हसायचा तसंच. "कर. पण ताई, नुसती खोली नाही. ते चार पावलं एकट्याने टाकतील असं मला दिसलं पाहिजे. त्याशिवाय मी तिथे सोडून जाणार नाही. जीव टांगणीला लावून मला पुण्यात जगता यायचं नाही."

हेही खरंच होतं. चालायला शिकवायला येणारी मुलगी रोज म्हणायची, "काका, एक हात सोडा बघू वॉकरवरचा," आणि आबा वॉकर असा आवळून धरायचे की बोटांची पेरं पांढरी पडायची. ज्या माणसाने घाटात ट्रकखाली आडवं पडून नट पिळले, तो आता ॲल्युमिनियमची एक दांडी सोडायला तयार नव्हता. ते मला बघवत नसे. मी सरळ पाटणची एसटी धरली. घरी ह्यांना फोन केला. हे म्हणाले, "पेपर तपासायचेत ना तुला?" म्हटलं, गठ्ठा बरोबर आहे.

सरकत्या खिडकीवाल्याने येऊन बघितलं. चौकट उपसायची म्हटली तर भिंत फुटणार, मग गिलावा, मग वाळणं, पंधरा दिवस कुठे गेले नाहीत म्हणाला. सुतार दोन होते, दोघेही लग्नसराईच्या कपाटांत गळ्यापर्यंत बुडालेले. तेव्हा मी ठरवलं, आपणच करायचं. मोबाईलवर काच बसवण्याचे चार व्हिडिओ बघितले. चौथा बघून होईपर्यंत मला हे काम येतंय अशी माझी खात्री झाली होती. गणिताच्या बाईचा हा जुना आजार आहे. रीत कळली की उत्तर आलंच असं तिला वाटतं.

जुनी लांबी काढायला पहिला दिवस गेला. चाळीस वर्षांत ती दगड झाली होती. आबांच्या पेटीतली पटाशी घेतली, हातोडीने हळू ठोकत गेले. खपल्यांखालून लाकूड निघालं, ते मात्र ताजं, तांबूस, सागाच्या वासाचं. रंगाचे थर निघाले. वरचा हिरवा, त्याखाली त्याहून गडद हिरवा, त्याखालीही हिरवाच. दर दोन-तीन वर्षांनी आबांनी तोच रंग फिरवला होता. संध्याकाळी अंगठ्याच्या पेरात काचेची कणी गेली. ती काढली, चिंधी बांधली, दहा पेपर तपासले. एका मुलाने उत्तरात अर्ध्या सेंटिमीटरची चूक केली होती. मी त्याचे गुण कापले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात गेले. "काचेच्या चुका द्या," म्हटलं. बारीक, बिनडोक्याचे खिळे, त्यांना आपल्याकडे चुकाच म्हणतात. गल्ल्यावरचा माणूस शाळेत माझ्याबरोबर वर्गात होता की काय कोण जाणे, मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "बाई, आजवर तुमी पोरांच्या चुका काढल्या. आता इकत घेताय व्हय?" मी त्याला हसू दिलं नाही. खडूची पूड, जवसाचं तेल, पॉलिश पेपर, हिरव्या रंगाचा डबा असं सगळं घेतलं. मग टेप लावून सहाही खाचांची मापं घेतली. दोन-दोनदा. मिलिमीटरपर्यंत.

काच कापून घ्यायला कऱ्हाडला जावं लागलं. दुकानदाराने माझा कागद बघितला. "इंच-सुतात सांगा." इंचाचे आठ सूत, हे मला आबांनी शाळेत जायच्या आधी शिकवलंय. तिथल्या तिथे रूपांतर करून दिलं. त्याने पेन्सिल कानाला लावली. "सूत सोडलंय नव्हं ह्यात?"

"माप अगदी बरोबर आहे. मी गणित शिकवते."

हिऱ्याच्या टोकाची हिरकणी काचेवरून ओढली की चर्र असा आवाज येतो, मग तो बोटाने खालून टिचकी मारतो आणि काच सरळ रेषेत दोन होते. माझ्या मापाला धक्का न लावता त्याने सहा काचा कापल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, पोत्यात घालून, त्या मी मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, फुटलं तर आमी जिम्मेदार न्हाई." मी म्हटलं, "फुटत नाही." रस्त्याचं काम चाललं होतं. पाटण येईपर्यंत माझ्या मांड्या बधिर झाल्या, काचा मात्र शाबूत.

आणि त्या बसल्या! अशा बसल्या की कागदाची कड आत जाणार नाही. दोन-तीन ठिकाणी अंगठ्याने दाबावं लागलं, पण बसल्या. मी चुका ठोकल्या आणि मागे सरून बघत राहिले. समोरचं पठार, त्यावरच्या पवनचक्क्या, खालची उसाची हिरवी पट्टी, सगळं चौकटीत. संजूला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला. मला इतका आनंद झाला होता की मी एकटीसाठी शिरा केला.

दिवेलागणीला तांदूळ धूत होते. मांडणीतला पेला किणकिणला. सवय मोडली असली तरी अंगाला ओळख होती, मी जागीच थांबले. चार सेकंद असतील. आणि ते संपता संपता पलीकडच्या खोलीतून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. मग तिसरा.

तीन काचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरत गेल्या होत्या.

मी रडले. लपवण्यासारखं काही नाही त्यात. आबांच्या कॉटवर बसून, हातात ओले तांदूळ तसेच, मोठ्याने रडले. दिवाळीत मी "बरं, सांगते" एवढं म्हटलं असतं तर हे काही झालं नसतं, हे तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी नीट कबूल केलं. आणि मग त्या कॉटवर बसूनच ठरवलं की तांदूळ शिजवायचे, जेवायचं, आणि सकाळी पहिल्या गाडीने पुन्हा कऱ्हाड.

सकाळी दारात काठी वाजली. धोंडीतात्या. दोन घरं पलीकडे राहतात, त्यांची सून आबांना दोन वेळचं जेवण देते. या खिडक्या मुळात त्यांनीच केलेल्या. आता त्यांचे हात थरथरतात, चहाची कपबशीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागते, म्हणून मी त्यांना विचारायलाच गेले नव्हते. त्यांनी आत येऊन खिडकी बघितली. चिरलेली काच बघितली, न चिरलेली बघितली, नख काचेच्या कडेने फिरवलं.

"माप कुणी घेतलं?"

"मी."

"लय बरुबर घेतलंस."

"हो ना! मग फुटली का?"

"बरुबर घेतलंस म्हणून." तात्या खाली बसले. "आगं, हितं जिमीन हालती. चौकट हालती. मग काचंनं कुटं जायचं? तिला हालाय जागा नको व्हय? चारी अंगानी सूतभर कमी कापायची. आन् ती जागा लांबीनं भरायची, मऊ लांबीनं. धक्का बसला की काच लांबीत जरा कूस बदलती, आन् ऱ्हाती. तुजा बा मला म्हणला हुता, धोंड्या, काचा टिकतील का रं? म्या म्हणलं, सैल बसवल्या तर टिकतील. चाळीस वरसं टिकल्या न्हवं? धक्क्यानं न्हाई गेल्या, गारंनं गेल्या."

कऱ्हाडच्या माणसाने विचारलं होतं ते हेच. मी सूत ऐकलं आणि पुढचं ऐकलं नाही. तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं. सूतभर कमी, हे बरोबर उत्तर असू शकतं, हे मला माझ्याच माहेरच्या जमिनीने सांगावं याचा आधी राग आला आणि मग हसू.

"तात्या, आधी का नाही आलात?"

"मला कुणी बलवलं?" म्हणाले. मग, "म्या म्हणलं, पोरगी मास्तरीण हाय, तिला यीत आसंल."

मी त्यांच्या पाया पडले. ते संकोचले, मग म्हणाले, "माजं हात काय आता माजं ऐकत न्हाईत. डोळं हायत. म्या सांगतो, तू कर."

तशी आमची जोडी जमली. अंगणात आंब्याखाली त्यांना प्लॅस्टिकची खुर्ची टाकून दिली. त्यांनी पहिलं काम सांगितलं ते झडपा बिजागऱ्यांतून उतरवण्याचं. उभ्या खिडकीत लांबी भरता येत नाही, झडप दोन स्टुलांवर आडवी पाहिजे. व्हिडिओत हे कुणी सांगितलं नव्हतं. न चिरलेल्या तीन काचा पोत्यात घेऊन मी कऱ्हाडला गेले. त्या चारी बाजूंनी सूतभर कमी करून घेतल्या आणि तीन नव्या कापून घेतल्या. दुकानदार एक शब्द बोलला नाही. फार सभ्य माणूस. येताना तोच कंडक्टर होता. म्हणाला, "फुटत न्हाई म्हणला हुता न्हवं बाई?" मी खिडकीबाहेर बघत राहिले.

लांबी मळायला तात्यांनी शिकवलं. खडूची पूड परातीत घ्यायची, मधे आळं करायचं, जवसाचं तेल थोडं थोडं घालत मळत जायचं. भाकरीचं पीठ मळणाऱ्या हाताला ते परकं वाटत नाही, फक्त त्याला वेळ लागतो. "मळ अजून. हाताला चिकटायची थांबली पायजे." अर्धा तास. पाऊण तास. खांदे भरून आले. तेलाचा तो कडवट, गवताळ वास केसांत, पेपरांच्या गठ्ठ्यात, चहात शिरला. नववीच्या एका पेपरवर माझा तेलकट अंगठा उमटलाय, तो त्या मुलाला काय वाटला असेल देव जाणे. मग आधी खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच अलगद टेकवायची, चुका लावायच्या. "ठोकू नगं, टेकव. काचंला चूक लागली पायजे, टोचली न्हाई पायजे." मग बाहेरून लांबीची वळी लावून सुरी तिरपी धरून एका दमात ओढायची. पहिल्या तावदानाची माझी रेघ नागमोडी. तात्यांनी ती चार वेळा काढायला लावली. सहाव्या तावदानाला मात्र त्यांनी नुसती तंबाखू मळायला घेतली.

"ही वाळायला आठ रोज द्याय पायजेत," म्हणाले. आमच्याकडे दोन होते. म्हणून ठरलं, लांबीला रंग नंतर, लाकूड तेवढं आता रंगवायचं. झडपा चढवल्या. आबा यायच्या आदल्या संध्याकाळी हिरव्याचा शेवटचा हात फिरवला आणि खिडकी लावून घेतली, रात्री आत धूळ नको म्हणून. संजू फोनवर म्हणाला, "ताई, आजही त्यांनी हात सोडला नाही. मी तुला आधीच सांगून ठेवतो. घर बघू, पण मला वाटत नाही." मी म्हटलं, "घेऊन ये." त्या दिवशी मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतले, फरशी तीनदा पुसली, आबांची कॉट खिडकीकडे तोंड करून ठेवली. दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला गाडी आली. आबा वाळले होते. शर्टात दोन आबा मावले असते. वॉकर पुढे टाकत, थांबत, दम खात ते खोलीपर्यंत आले. संजू त्यांच्या पाठीशी हात धरून, न टेकवता. त्याने खोली बघितली. काचा बघितल्या, पांढऱ्या लांबीच्या रेघा बघितल्या. "रंग राहिलाय वाटतं इथं," म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे. तो पुढच्या आठवड्यात."

आबा कॉटवर बसले नाहीत. खिडकीपाशी गेले. काचेतून पठार बघितलं. मग म्हणाले, "लावून का ठेवलीया?"

"आबा, वारा लागू द्यायचा नाही तुम्हाला."

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. एका हाताने खिट्टी वर केली. झडप ढकलली. ती हलली नाही. कडेचा ओला रंग रात्रीत अर्धवट वाळून दोन्ही झडपा एकमेकींना चिकटल्या होत्या. झडपा मी लावून घेतल्या होत्या, चूक माझीच होती. त्यांनी पुन्हा ढकलली. दंडाची शीर ताठ झाली. संजू पुढे झाला, आणि मी त्याचं मनगट धरलं. का धरलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्याने माझ्याकडे बघितलं, पण तो थांबला.

आबा काहीतरी पुटपुटले. फौजेतली शिवी असावी. मग त्यांनी वॉकर बाजूला सारून त्याच्यावरचा दुसरा हातही काढला आणि पुढे झाले. दोन्ही तळवे दोन्ही झडपांच्या लाकडावर ठेवले, पाय जरा फाकवले, आणि रेटा दिला. रंग फाटल्याचा चर्र आवाज झाला आणि खिडकी सताड उघडली. सहाही काचा थरथरल्या आणि जागच्या जागी राहिल्या. डोंगरावरचा वारा आत आला, रंगाचा वास ढकलत.

वॉकर हातभर मागे राहिला होता. आबा दोन पायांवर उभे होते, आणि आपल्या तळहातांना लागलेला हिरवा रंग बघत होते.

"वाळला न्हाई की गं अजून," म्हणाले. मग आम्ही दोघं नुसते बघत उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. "आसं काय बघताय? बंदच ठिवायची आसती तर मी भिंतच घातली नसती व्हय?"

संजूने डोळे पुसले, आणि गाडीतून आबांच्या कपड्यांची पिशवी आणायला बाहेर गेला.